ठकूमावशीचे पाय

ठकूमावशी पहिल्यांदा माझ्या घरी आली ती कढीपत्त्याच्या चार काड्या मागायला. मी बागेतून काड्या तोडून आणेपर्यंत ती माझ्या स्वयंपाकघरात पोचली होती. ओट्यासमोर अनवाणी उभी, डोळे मिटलेले आणि पायाची बोटं फरशीवर अशी काही चाळवत होती की मला वाटलं, हिला फिट येतेय. मी पाणी घ्यायला वळले, तोच डोळे न उघडता म्हणाली, "बाई, तुमचा डावा गुडघा दुखतो व्हय?"

दुखतो. पण हे कळायला माझ्या डॉक्टरला दोन एक्स-रे लागले होते.

"तुम्हाला कसं कळलं?"

"हितं उजव्या अंगाला फरशी घासून गुळगुळीत झालीय. डाव्या अंगाला तेलाचा चिकटा हाय तसाच. म्हंजी तुमी डावा पाय टेकवतच न्हाई. आन तुमची कामवाली पोछा नीट पिळत न्हाई."

"फरशी मीच पुसते," मी म्हणाले.

यावर दुसरी कुणी असती तर जीभ चावली असती. मावशीनं नुसती मान हलवली. जणू रोग सापडलाच होता, आता रोगीही सापडला. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या आहेत. माझ्या चुका दुसऱ्यानं काढलेल्या मला खपत नाहीत. त्या दिवशी मी काड्या तिच्या हातात ठेवल्या आणि दार जरा जोरातच लावलं.

दुसऱ्या दिवशी ती परत हजर.

तळेगावच्या आमच्या सोसायटीत मी तळमजल्यावर राहते. मावशी तिसऱ्या मजल्यावर, लेक कमळ आणि नात वैशाली यांच्याबरोबर. मूळची टाकव्याकडची. पण आयुष्य गेलं कामशेतला एका भाताच्या गिरणीत. गिरणीच्या अंगणात भात वाळत घालायचं आणि बायकांनी त्यातून पाय ओढत चालायचं. मागं रेघा पडत जातात, खालचं भात वर येतं. बाकीच्या बायका नुसत्या चालायच्या. मावशी चालता चालता निकाल द्यायची. "हे झालं. हे अजून वलं हाय, आज भरडाल तर नुसती कणी निघंल." पुढं शेठनं ओल मोजायचं यंत्र आणलं, तेव्हा यंत्राची आणि मावशीची म्हणे चांगलीच जुंपली. ही हकिगत मी मावशीच्याच तोंडून ऐकली आहे, तेव्हा कोण जिंकलं हे सांगायची गरज नाही.

"डोळं भुलत्यात, बाई. पाय न्हाई भुलत." हे तिचं पालुपद. भाजी घेताना, बसमध्ये चढताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठंही. चपला तिला चावतात. वैशालीनं तिला भारीतल्या आणून दिल्या, त्या ती हातात घेऊन फिरते.

पहिले आठ दिवस मी तिला अहोजाहो करत होते. ते तिनंच बंद पाडलं. "मला तुमी-बिमी म्हनू नगा. सासरी आल्यागत वाटतं."

तिची लेक अगदी उलट. कमळ एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला आहे. कमी बोलणारी, आवाज न करता भांडी घासणारी, आणि बारा महिने पायात मोजे. उन्हाळ्यात मोजे, घरात मोजे, देवापुढं बसली तरी मोजे. आईच्या पायात चप्पल टिकत नाही आणि लेकीच्या पायातला मोजा सुटत नाही. मी एकदा विचारलं तर मावशीनं चक्क विषय बदलला, आणि ही बाई विषय बदलणाऱ्यातली नव्हे.

आता फुलपाखराचं. माझ्या खिडकीखाली चार हातांची बाग आहे. तिच्यात सदाफुली, मोगरा आणि माझा कढीपत्ता. सोसायटीतल्या निम्म्या फोडण्या त्याच्या जिवावर चालतात. त्या पावसाळ्याच्या शेवटी मावशी बादली पालथी घालून बागेत बसायला लागली. काय करतेय म्हणून मी बाहेर आले तर ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "गप. चाखतीया ती."

"कोण?"

काळ्या पंखांवर पिवळट ठिपके असलेलं एक फुलपाखरू कढीपत्त्याभोवती भिरभिरत होतं. एका पानावर टेकलं, क्षणभर थरथरलं, उडालं. दुसऱ्यावर टेकलं, उडालं. मग शेजारच्या मोगऱ्यावर, तिथून तर जवळजवळ झटकाच बसल्यासारखं उठलं.

"पायानं चाखतीया," मावशी म्हणाली. "पान आपलं हाय का न्हाई ते पाय लावून बघती."

मला हसू आवरेना. मी तीस वर्षं फुलपाखराचं जीवनचक्र शिकवलं. तक्त्यावर चार चित्रं, चार बाण. अंडी, अळी, कोश, फुलपाखरू. पायांनी चाखणं कुठल्या बाणावर बसतं? मी म्हणाले, "मावशी, सगळं जग तुझ्यासारखं पायानं चालत नाही."

"पायानं न्हाई तर कशानं चालतं?"

मी घरात गेले, चष्मा लावला आणि तिला खोटं पाडायचं म्हणून फोनवर शोधलं. सापडलं ते असं, की फुलपाखराच्या पायांना खरोखरच चव कळते. मादी पानावर पाय आपटून त्याचा रस जोखते. दुरून हिरवं दिसलं म्हणून येते, पण ठरवते ती पायांनी. मी फोन पालथा ठेवला. मावशीला हे लगेच सांगायची काही घाई नव्हती. दोन दिवसांनी सांगितलं. ती म्हणाली, "मंग? म्या काय सांगत व्हते?"

त्यानंतर मात्र मलाच नाद लागला. माझी खुर्ची, तिची बादली. सकाळी ऊन वर आलं की आम्ही दोघी त्या झाडासमोर. फुलपाखरू यायचं, दहा पानं पायानं बघायचं, आणि एखाद्या कोवळ्या शेंड्याला शेपटाकडचा भाग वाकवून एकच अंडं चिकटवायचं. खसखशीपेक्षा थोडं मोठं, फिकट पिवळं. एका पानावर एक. की निघालं दुसरीकडे. तीस वर्षं जे मी पोरांकडून पाठ करून घेतलं, ते मी या वयात पहिल्यांदा बघत होते. सांगायला लाज वाटते, पण पहिलं अंडं दिसलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

"एक गंमत बघा," मावशी म्हणाली. "सोता जेवती त्या सदाफुलीवर. कढीपत्त्याचं पान तिनं जन्मात खाल्लं न्हाई आन खाणार बी न्हाई. तरी पोराचं पान कोणतं त्ये तिला बराबर कळतं."

"आणि अंडं टाकून जाते निघून. मागं वळूनसुद्धा बघत नाही."

"टाकून न्हाई!" मावशी एकदम कडाडली. "ठेवून जाती. पान बघून ठेवलंय तर मागं कशाला बघंल?"

एवढं चिडण्यासारखं मी काय बोलले, ते मला तेव्हा कळलं नाही.

मग अंड्यांतून अळ्या निघाल्या. आधी चिमणीच्या शिटेसारख्या काळ्यापांढऱ्या, मग हिरव्यागार, लठ्ठ. त्यांनी माझा कढीपत्ता असा काही झोडपला की आठ दिवसांत नुसते हिरांचे खराटे उरले. कुतूहल वेगळं आणि फोडणी वेगळी. झाडाला पुन्हा पालवी फुटली, तशी मी एका सकाळी मावशी यायच्या आत साबणाचं आणि तंबाखूचं पाणी शिंपडून मोकळी झाले.

दहा वाजता फुलपाखरू आलं. पान, पाय, उडालं. दुसरं पान, उडालं. सगळं झाड फिरलं आणि कंपाउंडवरून निघून गेलं. मावशीनं माझ्याकडे बघितलं.

"बाई, औषध मारलंय तुमी."

"छे! मी कशाला?"

ती उठली, खालची पानं वाकवून तिनं त्यांना पायाचा अंगठा लावला. हो, अंगठा! मग पाण्याची बादली आणून एकेक पान धुतलं. मला एका शब्दानं बोलली नाही. शाळेत मी पोरांना अशीच गप्प बसून शिक्षा करायची. किती लागते ते आता कळलं.

त्याच दिवसांत वैशालीच्या लग्नाचं चाललं होतं. वैशाली एका कारखान्यात क्वालिटीत आहे, सुटे भाग तपासते. घरात शब्द आजीचा. आजीनं हो म्हटल्याशिवाय लग्न करणार नाही असं या मुलीनं आधीच सांगून टाकलेलं, आणि आजी घर पायांनी बघणार! शिकलेलं माणूस बरोबर असावं म्हणून मलाही नेत.

पहिलं घर तळेगावातच, नवा फ्लॅट, सगळं चकचकीत. मावशी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेली, भांडी घासायच्या जागेपुढं उभी राहिली, बाहेर आली आणि चहाचा कप बाजूला सारला. तिचा नियमच होता, पाय बोलल्याबिगर चहा न्हाई. जिन्यात म्हणाली, "सोप्याम्होरं गालिचा आन मोरीम्होरं तळं. बाईमाणूस जितं उभं ऱ्हातं तितली फरशी बघायची."

दुसरं घर वडगावचं. माणसं गोड, बोलणं गोड. मावशी स्वयंपाकघराच्या दारामागं गेली आणि तिथंच थबकली. चहा नाही. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "दाराआड वाळकी शितं टोचली पायाला. थोरली सून तितं जेवती. समद्यांच्या मागनं, दाराच्या आड."

मला त्या घरात फक्त नवा फ्रीज दिसला होता.

वैशाली म्हणाली, "आजी म्हणजे इनकमिंग इन्स्पेक्शन आहे, मॅडम. सॅम्पल नापास की अख्खा लॉट परत." हसत होती, पण हसण्यात जीव नव्हता. कारण एक दिवस संध्याकाळी ती एकटी माझ्याकडे आली आणि खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "तिसरं घर मी शोधलंय. अमोल. आमच्याच कंपनीत मेंटेनन्सला आहे. घर कामशेतला. मॅडम, आजी नाही म्हणाली तर मी नाही करणार. तिनं आणि आईनं मला कसं वाढवलंय ते मला माहितीये. पण तिनं नाही म्हणू नये हो." आणि रडायला लागली.

त्याच आठवड्यात बागेत ते घडलं. मोगऱ्याची एक फांदी कढीपत्त्यात घुसली होती, आणि मोगऱ्याच्या पानावर मला ते अंडं दिसलं. फिकट पिवळं, एकटं. मोगरा त्या अळीच्या काही कामाचा नाही. उपाशी मरणार ती. मला तर आनंदच झाला. इतक्या महिन्यांचा हिशेब चुकता करायची संधी!

"मावशी, हे बघ! तुझं फुलपाखरू पायानं चाखून चुकलं की गं! पाय न्हाई भुलत म्हणे!"

मला वाटलं, आता उसळेल. पण मावशी वाकून बघतच राहिली. मग तिनं ते पान देठासकट खुडलं, माझ्या दोरीवरचा कपड्यांचा चिमटा घेतला आणि ते पान कढीपत्त्याच्या कोवळ्या शेंड्याला लावून टाकलं. परत बादलीवर बसली.

"घाईत असंल," म्हणाली. "न्हाई तर कुनीतरी हाकललं असंल." मग म्हणाली, "बाई, कमळीचं घर बघायला म्या गेलते."

मी खुर्ची जवळ ओढली.

"स्लॅबचं घर, दारात दोन म्हशी. म्या चुलीपाशी उभी ऱ्हायले. पायाखाली गारढोण. मोरीचं पानी मुरून मुरून भुई कुजली व्हती. आन घरातल्या बाईनं तितंच दिवस काढायचा. पाय म्हनले, न्हाई. म्या भावाला म्हनले, हितं नगो. तर त्यो समद्या सोयऱ्यांम्होरं म्हनला, आमची ठकी पायानं सोयरीक ठरवती! समदी हसली." तिनं पाय मातीत रोवले. "म्या बी हसले, बाई. पाय भुललं न्हाईत. म्याच त्यांचं ऐकलं न्हाई."

कमळ त्या घरात बारा वर्षं राहिली. सतत ओल्यात उभं राहून पायांना चिखल्या झाल्या, बोटांच्या बेचक्या कुजल्या, पण औषधाला कुणी नेलं नाही. दोनदा माहेरी आली. दोनदा मावशीनं समजूत घालून परत पाठवली. तिसऱ्यांदा आली ती दहा वर्षांच्या वैशालीला घेऊन आणि पायात मोजे घालून.

"तवापास्नं तिनं भुईला पाय लावला न्हाई. मला एका सबदानं बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं."

मी चहा करून आणला. चौथ्या दिवशी चिमट्यातल्या पानावरून एक इवलीशी काळी अळी कढीपत्त्यावर सरकली. ती मी एकटीनं बघितली. मी जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर गेले, गुडघा धरून, आणि मावशीला खाली घेऊन आले.

रविवारी आम्ही चौघी लोणावळा लोकलनं कामशेतला गेलो. अमोलचं घर बाजाराच्या मागं, जुनं, शहाबादी फरशीचं. दारातच फिनेलचा असा भपकारा आला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वैशालीनं अमोलला आधी पढवून ठेवलं असणार. बिचाऱ्यानं सकाळपासून दोनदा फरशी पुसली होती, अजून ओली होती.

मावशी उंबऱ्यातच थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "हितं बी औषध मारलंय." वैशालीचा चेहरा पांढराफटक पडला. अमोल बादली पायानं कोपऱ्यात ढकलत होता.

मावशी आत गेली. आम्ही सगळे मागोमाग, लपवाछपवी कसली आता. मोरी झाली, दारामागं झालं. ओट्यासमोर येऊन उभी राहिली, डोळे मिटले. बोटं चाळवली. एक पाऊल डावीकडे सरकली, पुन्हा चाळवली. परत उजवीकडे आली.

"हितं दोन जागी फरशी झिजलीय," म्हणाली. "दोघं उभी ऱ्हात्यात."

अमोलची आई गडबडली. "अहो, ते अमोलचे पप्पा पोळ्या लाटतात आणि मी भाजते. पहिल्यापासून. लोक हसतात, पण त्यांना आवडतं." दारात उभे असलेले अमोलचे वडील छताकडे बघायला लागले.

वैशालीनं माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, झालं, आता चहा. पण मावशी ओट्यापासून बाजूला झाली आणि मागं वळली.

"माझं झालं. पर माझं न्हाई धरायचं. कमळे, मोजे काढ. तू उभी ऱ्हा."

कमळ नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागं होती. "मी काय सांगू, आये. तू बघितलंस ना."

"मागल्या टायमाला म्या बघितलं. तुला इचारलं न्हाई. आज तू बघ."

कमळ दाराला टेकून वाकली आणि एकेक मोजा काढला. तिचे पाय मी पहिल्यांदा पाहत होते. गोरे, नाजूक, आणि बोटांच्या बेचक्यांत जुने पांढरे व्रण. मावशीनं तिच्या हातातले मोजे घेतले. कमळ चालत ओट्यापाशी गेली आणि उभी राहिली.

"अहो ताई, ओलं आहे अजून, थांबा," म्हणत अमोलची आई खाली बसली आणि पदरानंच तिच्या पायांपुढची फरशी पुसायला लागली.

"राहू द्या," कमळ म्हणाली. तिनं पाय हलवला नाही. अमोलच्या आईचा हात फरशीवर फिरत राहिला, आणि कमळ खाली त्या हाताकडे बघत होती. मावशी मोजे छातीशी धरून उभी होती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीला गप्प करणारी ही बाई आज लेकीच्या निकालाची वाट बघत होती.

मग कमळ म्हणाली, "आये, चहा घेऊ या."

वैशाली माझ्याच खांद्यावर रडली. मीही रडले, आणि फिनेलचं नाव सांगितलं.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. कमळ खिडकीशी बसली होती, चपला काढून, पाय सीटखालच्या पत्र्यावर टेकवून. मावशी समोर. मोजे तिनं पिशवीत टाकले नाहीत. तळेगाव येईपर्यंत मुठीत धरून बसली होती.